ती पाच माणसं रुळावर आली कशी?

आज ऑफिसात ‘मूल्याधारित निर्णयप्रक्रिया’ नावाचं तीन तासांचं ट्रेनिंग होतं. तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहून टाकते. लांबणार आहे, आधीच सांगते.

ट्रेनरने पडद्यावर तीन रकाने दाखवले. उपयुक्ततावाद (जास्तीत जास्त लोकांचं भलं बघा), कर्तव्यवाद (परिणाम काहीही होवो, कर्तव्य सोडू नका), सद्गुण (चांगला माणूस काय करेल ते करा). मग आली ती प्रसिद्ध ट्रॉली. ब्रेक गेलेत, समोरच्या रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक, ट्रॉली त्या दुसऱ्या रुळावर वळवायचा खटका तुमच्या हातात. गट करा, दहा मिनिटांत निर्णय घ्या, एकाने येऊन मांडा. सगळे तुटून पडले. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या, नुकत्याच लागलेल्या पोराने हात वर केला. “पण ही पाच माणसं रुळावर आली कशी? त्यांना तिथे कुणी पाठवलं?”

हॉल हसला. ट्रेनर म्हणाले, “उदाहरणाच्या बाहेर जाऊ नका.” मीही हसले. हे आधीच कबूल केलेलं बरं.

घरी येताना मात्र हसू उतरलं. कारण ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूटने १९६७ साली हे उदाहरण पहिल्यांदा मांडलं, तेव्हा त्यात खटक्याजवळ उभा असलेला कुणी बघ्या नव्हता. ट्रॉली चालवणारा ड्रायव्हर होता, आणि रुळावरची माणसं तिथे काम करत होती. कामगार होते ते! म्हणजे पोराच्या प्रश्नाला मूळ लेखातच उत्तर आहे. गाड्या धावतायत त्या रुळावर त्यांना कुणीतरी कामाला लावलंय. ट्रेनिंगच्या स्लाइडवर येईपर्यंत त्यांचं काम गळून पडलं आणि उरल्या पाच काळ्या बाहुल्या. (फूटबाईंची चूक नाही, मान्य. त्या गर्भपाताच्या वादातला एक बारीक फरक तपासत होत्या, ट्रेनिंगवाल्यांसाठी खेळ बनवत नव्हत्या.)

आता खरं सांगते, मला एवढं का लागलं ते.

पंधराएक वर्षं झाली. ऑफिस दुसरं, नाव नको. एका साहेबांचा फोन टेबलावरून गेला. साफसफाईच्या मावशींवर संशय आला. तिघांची समिती नेमली आणि त्यात मी, का तर माझं एम.ए. तत्त्वज्ञानात. खोलीत चार खुर्च्या होत्या. तीनवर आम्ही. चौथीवर माझी बॅग, एक हेल्मेट आणि कुणाचा तरी डबा. मावशी उभ्या होत्या. पाऊण तास. आधी एका पायावर भार, मग दुसऱ्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, परत गुंडाळायचं.

मावशी म्हणायचो आम्ही त्यांना. मावशी!

त्या म्हणाल्या, “मी फरशी पुसत होते तेव्हा दोघं जण केबिनमध्ये येऊन गेले, त्यांनाही विचारा.” आम्ही नाही विचारलं. ते दोघं ‘आपल्यातले’ होते. अहवालात लिहिलं, ‘समाधानकारक खुलासा करू शकल्या नाहीत’. हे वाक्य माझं. आणि त्याआधी मी एक छोटं भाषणही ठोकलं होतं, की एवढ्या सगळ्या लोकांचा एकमेकांवरचा विश्वास एका पारड्यात आणि एका व्यक्तीची गैरसोय दुसऱ्या पारड्यात. काम जाणं म्हणजे गैरसोय. कंत्राटदाराला फोन गेला, ‘बाई बदलून द्या’. नळाचा वॉशर बदलतात तसं.

साहेबांचा फोन मावशींनी घेतलाच नसेल असं मी म्हणत नाही. घेतला असेलही. मला आजतागायत माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची सोय आम्हीच ठेवली नाही.

मला तेव्हा वाटलं होतं की मी उपयुक्ततावाद लावला. कसला डोंबलाचा! या वादाचा मोठा तत्त्वज्ञ मिल, त्याने आपल्या आधीच्या बेंथॅमचं म्हणून जे सूत्र सांगितलंय ते असं, की प्रत्येकाला एक धरा, कुणालाही एकाहून जास्त धरू नका. मी साहेबांना दहा धरलं होतं, स्वतःला पाच, आणि मावशींना अर्धं. त्यांच्या घरी कोण आहे, त्यांच्यावर कोण अवलंबून आहे, यांतलं काही बेरजेत नव्हतंच. कर्तव्यवादवाला कांट तर सोडाच. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, हे त्या माणसाने १७८५ सालीच लिहून ठेवलंय, आणि आम्ही एका बाईला ऑफिसची शांतता परत आणायचं साधन केलं. आणि न्याय म्हणजे काय यावर लिहिणारा अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्स! १९७१ चा तो अज्ञानाचा पडदा मी परीक्षेत चार पानं लिहून आले होते. आपण समाजात कोण म्हणून जन्माला येऊ हे माहीत नाही असं समजून नियम ठरवा. त्या पाऊण तासात एकदाही मनात आलं नाही की उभी असलेली बाई मी असू शकले असते.

स्त्रीवादी विचारवंत सुझन ऑकिनने १९८९ मध्ये रॉल्सला हेच ऐकवलं होतं. पडद्याआड तुम्ही कुटुंबप्रमुख बसवलेत, मग घरातल्या अन्यायाचं काय? पण तिने पडदा फाडून टाकला नाही. तो घरातही लावा म्हणाली. मला ही बाई फार आवडते.

आणि तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर. तिचं पुस्तक २००७ चं, म्हणजे आमच्या समितीच्या आधीच निघालेलं. मी वाचलं बऱ्याच नंतर, आणि वाचताना कानशिलं तापली. ती म्हणते, ऐकणाऱ्याच्या मनातल्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याच्या शब्दाचं वजन कमी होतं, आणि हा त्या माणसावर जाणकार म्हणून झालेला अन्याय असतो. मावशी बोलत होत्या, आम्ही ऐकत होतो, माना डोलावत होतो. त्यांच्या शब्दाला किती किंमत द्यायची ते त्या चौथ्या खुर्चीवर आधीच ठरून गेलं होतं.

बरं, रकाने आणि हिशेब टाकाऊ आहेत असं नाही. व्हेंटिलेटर एक आणि पेशंट दोन असतील तर तिथल्या डॉक्टरला मोजावंच लागतं, तिथे इतिहास काढत बसता येत नाही. झालं, मानलं.

पण आमच्यावर कुठली ट्रॉली येत होती? आठवडाभर वेळ होता. आम्ही स्वतःच घाई केली आणि स्वतःच म्हणालो, नाइलाज आहे.

जर्मन विचारवंत होर्कहायमरने १९३७ मध्ये पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धान्तातला फरक मांडला. पारंपरिक विचार समोर आलेली परिस्थिती दिलेली म्हणून धरतो. चिकित्सक विचार विचारतो, की ही परिस्थिती अशी झाली कशी आणि ती अशीच राहिल्याने कुणाचं भलं होतं. त्या पोराने होर्कहायमर वाचला असेल असं वाटत नाही. त्याला तो प्रश्न पडला, एवढंच. आणि आम्ही तीस-पस्तीस शिकली-सवरलेली माणसं फिदीफिदी हसलो.

माझ्या यादीतल्या मंडळींनी आता लगेच ‘अगदी बरोबर, सत्तासंबंध!’ म्हणून बदाम टाकू नका. आपलाही एक खेळ आहे. संरचना, वर्चस्व, व्यवस्था हे शब्द फेकले की आपले हात धुतलेले. ‘व्यवस्थाच तशी आहे’ हे मी स्वतःला किती वर्षं सांगत आले. खुर्चीवर बॅग व्यवस्थेने ठेवली नव्हती. मी ठेवली होती. चामड्याची, तपकिरी, नवी होती, खाली ठेवली तर खराब होईल म्हणून.

नाव माहीत होतं का मला त्यांचं? अहवालात असणार, लिहिलं असणार मीच. आज दुपारपासून आठवतेय, येत नाही. आडनाव ओठांवर येतं आणि जातं. पदराचं टोक मात्र लख्ख आठवतं.

तासाभरापूर्वी त्या पोराला मेसेज केला. ‘आज तुझा प्रश्न अगदी योग्य होता. मी हसले, ते चुकलं. सॉरी.’

त्याचं उत्तर आलंय. ‘कुठला प्रश्न, मॅडम?’