सहा पंच आणि एक परका वकील

‘द ग्रेट एस अॅटर्नी क्रॉनिकल्स’ हा व्हिडिओ गेम मागच्या आठवड्यात पूर्ण झाला. दोन भाग, मिळून दहा खटले, आणि जवळपास दोन महिन्यांच्या रात्री. खून कोणी केला हे मी खाली कुठेही सांगितलेलं नाही, त्यामुळे ज्यांना खेळायचाय त्यांनी बिनधास्त वाचावं.

कॅपकॉम या जपानी गेम कंपनीच्या शू ताकुमी यांनी दिग्दर्शित केलेले हे दोन गेम जपानमध्ये २०१५ आणि २०१७ साली आले, आणि २०२१ मध्ये दोन्ही एकत्र इंग्रजीत निघाले. यात धावाधाव नाही, गोळीबार नाही. वाचायचं, साक्षीदाराचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकायचं, आणि ते पुराव्याशी कुठे जुळत नाही ते शोधायचं. र्‍यूनोसुके नारुहोदो हा मेइजी काळातला, म्हणजे जपान आधुनिक होत होता तेव्हाचा, जपानी विद्यार्थी व्हिक्टोरियन लंडनमध्ये जातो आणि तिथल्या कोर्टात इंग्रज माणसांसमोर वकील म्हणून उभा राहतो. बेकर स्ट्रीटचा तो प्रसिद्ध गुप्तहेरही भेटतो, इंग्रजी आवृत्तीत ‘हर्लॉक शोम्स’ या नावाने.

माझे वडील जिल्हा न्यायालयात कारकून होते. सगळी नोकरी दप्तरं आणि तारखा सांभाळण्यात गेली. पहिल्या दिवशी ते सहज शेजारी येऊन बसले, मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो, आणि मग रोज जेवणं झाली की तेच विचारायचे, “आज कोर्ट आहे ना?”

लंडनच्या कोर्टात वर एका रांगेत सहा पंच, म्हणजे ज्युरी, बसतात. ज्याचं मत ठरलं तो आगीचा गोळा फेकतो आणि न्यायाचा प्रचंड तराजू त्या बाजूला झुकतो. सहाही गोळे ‘दोषी’कडे पडले की खटला संपला. तेवढ्यात बचावाच्या वकिलाला एक शेवटची मुभा असते: पंचांनी आपापल्या मताची जी कारणं दिली, ती एकमेकांसमोर ठेवायची. एक पंच एक म्हणतो, दुसर्‍याच्या बोलण्याने तेच खोटं ठरतं, आणि त्या दोघांनाच ते पहिल्यांदा कळतं. नारुहोदो त्यांना खोटं पाडून हिणवत नाही. त्यांना पुन्हा विचार करायला लावतो, आणि निम्म्याहून जास्त पंच फिरले की खटला पुढे चालतो. माझ्या मते ‘एस अॅटर्नी’ या गेममालिकेला आजवर सुचलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. साक्षीदाराला पकडणं सोपं, आधीच मन बनवून बसलेल्या साध्या माणसाला वळवणं फार कठीण.

तिसर्‍या की चौथ्या रात्री वडील म्हणाले, “यांच्यात आरोपीच्या देशाचा एक तरी आहे का रे?”

नव्हता. मग आम्ही दोघंही गप्प झालो, कारण दोघांच्याही डोक्यात १८९७ आलं होतं. रँडच्या खुनानंतर टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. लेख मराठी, ‘केसरी’तले. ज्युरीत नऊ जण, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातल्या ‘अप्रीती’चा अर्थ ज्युरीला ‘प्रीतीचा अभाव’ असा सांगितला. निकाल सहा विरुद्ध तीन, शिक्षा अठरा महिने. तिथे कुणाला पंचांची कारणं एकमेकांसमोर ठेवता आली नाहीत.

गेमची सुरुवातच अशा असमान न्यायापासून होते. तोक्योमध्ये एका ब्रिटिश प्राध्यापकाचा खून होतो, आळ नारुहोदोवर येतो, आणि ब्रिटनशी झालेला करार बिघडू नये म्हणून सरकारला निकाल झटपट हवा असतो. हे हवेतून आलेलं नाही. १८५८ च्या करारांपासून १८९९ पर्यंत जपानमध्ये ब्रिटिश माणसावर जपानी न्यायालयात खटला चालत नसे, तो त्यांच्याच वकिलातीच्या कोर्टात चाले. १८८६ मध्ये नॉर्मंटन जहाज बुडालं तेव्हा युरोपियन खलाशी होड्यांमधून वाचले आणि पंचवीसच्या पंचवीस जपानी प्रवासी गेले. कप्तान आधी निर्दोष सुटला. जपानभर संताप उसळल्यावर पुन्हा खटला झाला, तेव्हा तीन महिन्यांची कैद. आपल्याकडे हिंदी न्यायाधीशांना गोर्‍यांवर खटला चालवू देणार्‍या १८८३ च्या इल्बर्ट विधेयकावर गोर्‍यांनी जो गदारोळ केला, तोही याच हक्कासाठी.

सुसातो ही नारुहोदोची सहायक त्याच्याहून जास्त कायदा जाणते, पण जपानमध्ये बाई म्हणून तिला वकिली करता येत नाही. तिला पाहताना मला नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आठवत राहिल्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पदवी हातात पडली १९२२ मध्ये.

पहिल्या भागात काही ठिकाणी पाल्हाळ आहे, आणि बरेच धागे दुसर्‍या भागासाठी लोंबकळत ठेवलेत. फक्त पहिला खेळून थांबू नका, हिरमोड होईल.

जपानी लेखक नात्सुमे सोसेकी यात आरोपी म्हणून येतात. खरे सोसेकी १९०० ते १९०२ लंडनमध्ये होते, एकटे आणि अतिशय दुःखी. गेममध्ये ते आपल्या खोलीत कोंडून घेतात, भीतीने थरथरतात, आणि त्यांच्या बाजूने उभा राहतो तो त्यांच्याच भाषेत बोलू शकणारा एक कोवळा पोरगा. निकालाच्या वेळी वडील खुर्चीच्या कडेवर सरकून बसले होते. तराजू झुकल्यावर चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “थांबू नकोस, पुढचा लाव.”