पेच सुटू नये म्हणून

स्थिर पगाराची नोकरी करावी की मनापासून आवडणारे काम करावे, हा प्रश्न आपल्याला पडला असेल तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. पुष्कळांना तो पडतच नाही. काहींपाशी दोहोंपैकी एकही पर्याय नसतो, काही जण मुकाट्याने एकाची निवड करून कामाला लागतात, आणि या दोन्ही प्रकारच्या लोकांशी बोलण्यात फारशी मजा नसते. पेचात सापडलेल्या माणसाचे तसे नाही. नोकरीत जीव ओतला जात नाही याला त्याच्यापाशी कारण असते, आवडीचे काम होत नाही यालाही कारण असते, आणि ही दोन्ही कारणे एकाच प्रश्नाच्या पोटातून निघत असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. असा प्रश्न सोडवणे म्हणजे दुभती गाय विकून टाकणे होय. तो सुटला की दोहोंपैकी एक काम नीट करावे लागेल, आणि मग ते आपल्याला कितपत जमते हे चारचौघांना आणि, त्याहून वाईट म्हणजे, स्वतःला कळेल. मी माझा पेच गेली अठरा वर्षे जपलेला असल्यामुळे या विषयावर अधिकारवाणीने चार शब्द सांगू शकतो.

आर्थिक स्थैर्य म्हणजे नेमके किती, हा आकडा कधीही कागदावर येऊ देऊ नये. ‘जरा स्थिरस्थावर झालो की’ हे शब्द पुरेसे आहेत. त्यांतला ‘जरा’ हा शब्द पगारवाढीबरोबर आपोआप वाढतो आणि त्याला वेगळे खतपाणी घालावे लागत नाही. साठलेल्या रकमेला महिन्याच्या खर्चाने भागावे आणि किती महिने निभावेल ते पाहावे, हे गणित चौथीतले मूलही करू शकते, आणि नेमके म्हणूनच ते धोक्याचे आहे. एका बेसावध रविवारी मी ते करून बसलो. उत्तर १४ आले. हा फार अडचणीचा आकडा आहे, कारण तो दोन असता तर नोकरीला चिकटून राहणे शहाणपणाचे ठरले असते, दोनशे असता तर निदान बढाई मारता आली असती. चौदा महिने मात्र समोर उभे राहून ‘मग, काय करतोस?’ असे विचारू लागतात. शेवटी खर्चाच्या बाजूला ‘अनपेक्षित’ नावाची एक ओळ घातली आणि उत्तर सहावर येईपर्यंत ती फुगवत नेली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. अर्थसल्लागार तीन ते सहा महिन्यांचा खर्च आणीबाणीसाठी बाजूला ठेवायला सांगतात, हे मला ठाऊक होते. पण सहा महिन्यांची तरतूद हा त्यांच्या मते पाया असतो, आपण तिला अपुरेपणाचा पुरावा मानावे.

ज्यांना गणिताची अगदीच हौस आहे त्यांनी बहात्तरचा नियम पाठ करावा. ७२ला वार्षिक व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते कळते. आठ टक्के दराने नऊ वर्षे. हा नियम पेचधारकांना फार उपयोगी आहे, कारण तोच महागाईलाही लागू पडतो आणि सहा टक्के महागाईत बारा वर्षांनी खर्चही दुप्पट होतो. पहिल्या भागाकाराने उमेद वाढू लागली की दुसरा करावा. अशा रीतीने ध्येय आणि आपण यांच्यातले अंतर सुरक्षित राहते.

आवडीच्या कामाबद्दलही हीच खबरदारी घ्यावी. ‘मला काहीतरी सर्जनशील करायचे आहे’ हे वाक्य उत्तम. ‘मला लाकडी खुर्च्या करायच्या आहेत’ हे वाक्य घातक, कारण ते ऐकून एखादा खुर्ची मागू शकतो. नाव घ्यावेच लागले तर त्या कामाचे साहित्य विकत घ्यावे आणि तिथे थांबावे. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात जलरंगांचा एक संच आहे. त्यातल्या निळ्या नळीचे टोपण असे घट्ट बसले आहे की ते गरम पाण्याखाली धरल्याशिवाय फिरायचे नाही, कागदांच्या गठ्ठ्याला कडेने पिवळी किनार आली आहे, आणि कुंचल्यांच्या टोकांना कारखान्यातून निघताना लावलेला डिंक अजून शाबूत आहे. पहिल्यांदा पाण्यात बुडवताच तो सुटतो, असे म्हणतात. वर्षातून दोनदा मी तो खण उघडतो, टोकावरून अंगठा फिरवतो आणि ‘नोकरीने माझ्यातला चित्रकार मारला’ असे म्हणून तो खण पुन्हा लावतो. खरे तर मारण्यासाठी तो आधी जन्माला यायला हवा होता, पण अशा शंका खणाबाहेर ठेवाव्यात.

दाखले निवडताना विशेष जागरूक असावे. दर वेळी टोकाचेच दाखले द्यावेत, म्हणजे पर्याय दोनच आहेत आणि दोन्ही भयंकर आहेत असे वाटत राहते. फ्रेंच चित्रकार गोगँने शेअरबाजारातली नोकरी कलेसाठी लाथाडली आणि तो थेट पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर गेला, ही हकिकत तोंडी असावी. १८८२ साली पॅरिसचा शेअरबाजार कोसळला होता, म्हणजे त्याने नोकरी सोडली त्यात नोकरीनेही त्याला सोडण्याचा बराच भाग होता, हा तपशील गाळावा. पुढे पाच मुलांचा बाप असलेला तो कोपनहेगनमध्ये ताडपत्री विकायला फिरत होता आणि ताहितीला १८९१ साली, म्हणजे नऊ वर्षांनी पोहोचला, हेही गाळावे. व्हॅन गॉग उपाशी राहून चित्रे काढत राहिला असे सांगताना डोळे किंचित मिटावेत. त्याचा धाकटा भाऊ थिओ चित्रविक्रीच्या पेढीत पगारी नोकरी करत होता आणि त्या पगारातून वर्षानुवर्षे पैसे पाठवत होता, म्हणजे त्याच्या त्या गाजलेल्या सूर्यफुलांच्या चित्रांमागेही कुणाचा तरी पगार होता, ही गोष्ट मैफलीचा बेरंग करते. शिवाय ती ऐकून एखादा विचारील की तुमचा थिओ कोण, आणि मग उगाच घरातल्या माणसांकडे पाहावे लागते.

ज्यांनी दोन्ही गोष्टी एकदम केल्या त्यांच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये, आणि दुर्दैवाने असे लोक जागोजागी भेटतात. आइनस्टाइन १९०२ ते १९०९ बर्नच्या पेटंट कार्यालयात आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास अर्ज तपासत होता आणि १९०५ सालचे ते चार गाजलेले निबंध त्याने तिथे असतानाच लिहिले. अमेरिकन कवी वॉलेस स्टीव्हन्स विमा कंपनीत उपाध्यक्ष होता, घरून कचेरीत पायी जाता जाता कविता रचायचा आणि प्रतिष्ठा मिळाल्यावरही त्याने नोकरी सोडली नाही. संगीतकार फिलिप ग्लासच्या ऑपेराचे प्रयोग १९७६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाले आणि त्यानंतरही तो टॅक्सी चालवत राहिला. कवी टी. एस. एलियटची गोष्ट तर पेचधारकांच्या मुलांना सांगूच नये. तो लंडनच्या एका बँकेत परदेशी व्यवहारांचे कागद पाहत असे. त्याची त्यातून सुटका व्हावी म्हणून १९२२ साली कवी एझरा पाउंड आणि इतर मित्रांनी वर्गणी गोळा करायला घेतली, पण हा गृहस्थ संकोचला आणि बँकेतच राहिला. १९२५ साली त्याने ती नोकरी सोडली, ती एका प्रकाशनसंस्थेत दुसरी नोकरी धरण्यासाठी.

त्यातल्या त्यात कथालेखक काफ्का आपला वाटतो, कारण तो कचेरीच्या नावाने सतत रडत असे. तरीही त्याच्यापासून सावध राहावे. पहिल्या विमा कंपनीत कामाचे तास फार आहेत असे दिसल्यावर त्याने वर्षाच्या आतच ती सोडली आणि १९०८ साली अशी विमासंस्था शोधली जिथे दुपारी दोनला सुटी होई. मग रात्री तो लिहायला बसे. १९१२च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री दहाला बसून त्याने पहाटे सहापर्यंत एक अख्खी कथा लिहून काढली. तक्रार करणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे तो करत असे. आपण पहिल्यावर समाधान मानावे. कुणी हे दाखले देऊन कोंडीत पकडलेच, तर ‘ती सगळी अलौकिक माणसे, आपण सामान्य’ असे म्हणून हात जोडावेत. व्हॅन गॉग मात्र अलौकिक नव्हता, तो थेट आपल्यासारखा होता, हे विसरू नये.

रोज एक तास आवडीचे काम करून पाहावे असा सल्ला हमखास मिळतो. तो विषासमान मानावा, कारण महिनाभरात आवड खरी की खोटी ते कळून जाते. इथे शास्त्राचा आधार घेता येतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र देऊ असे आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढू लागली. ‘पैसे घेतले की आवड मरते’ असा याचा अर्थ लावून कपाळाला हात लावावा. बक्षीस अवचित मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नाही, हा उरलेला अर्धा प्रयोग चष्मा काढून वाचावा. प्राणिसंग्रहालयातल्या रखवालदारांवर २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही हाताशी असू द्यावा: काम हेच आपले जीवितकार्य मानणारे लोक त्यासाठी कमी पगार आणि जास्त त्रास सोसायला तयार असतात, असे त्यात दिसले. हे वरिष्ठांना कुणी शिकवावे लागत नाही. ‘तुम्हाला तर हे काम मनापासून आवडते’ हे वाक्य पगारवाढीच्या बैठकीत ज्याने ऐकले आहे त्याला आवडीची किंमत कोण मोजतो ते नीट कळलेले असते. हौसेला मोल नसते, ही म्हण असल्या बैठकीतच सुचली असावी.

सल्ला जरूर घ्यावा, पण माणूस पारखून. भित्र्या माणसाला विचारावे म्हणजे तो भीती घालतो, आणि नोकरी सोडून पस्तावलेल्याला विचारावे म्हणजे तो आपल्यालाही बसवून ठेवतो. बायकोला कधीही विचारू नये. मागे एकदा रात्री जेवण झाल्यावर मी नेहमीच्या सुरात म्हणालो, “जबाबदाऱ्या नसत्या तर मी कधीच सोडली असती ही नोकरी.” ती भांडी पुसत होती. तिने ताट फडताळात ठेवले आणि म्हणाली, “मग सोड की. दोन वर्षं मी सांभाळते घर. मी हिशेब करून ठेवलाय.” आणि खरोखरच तिने वहीचे पान काढून समोर ठेवले. त्यात ‘अनपेक्षित’ नावाची ओळसुद्धा होती, तीही वाजवी आकड्याची. मी ते पान तीनदा वाचले आणि एका ठिकाणी बेरीज तपासायला हवी असे म्हणालो. बेरीज बरोबर होती. त्यानंतर पेच मूळ पदावर आणायला मला तीन आठवडे लागले. अखेरीस ‘तुझ्यावर एवढा भार टाकणे माझ्या तत्त्वात बसत नाही’ या वाक्याने मला वाचवले. ते मी आजवर दोनदा वापरले आहे आणि अजून एकदा तरी चालेल असे वाटते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवावा. त्याने आपण कोणत्याही क्षणी निघू शकतो असे वाटत राहते आणि त्या बळावर आणखी दहा वर्षे सहज काढता येतात. माझा मसुदा बारा ओळींचा आहे, तारखेची जागा मोकळी आहे, आणि वरिष्ठांची नावे बदलत गेल्यामुळे आता मी मायन्यात नुसते ‘महोदय’ एवढेच ठेवले आहे. परवा रात्री पुन्हा उघडला. त्यातल्या ‘स्विकारावा’ या शब्दातली पहिली वेलांटी दुसरी केली, फाइल जतन केली आणि सकाळचा गजर लावून झोपलो.