जाड मादीला टोचण्याआधी तिचा खुराक बघा

वराहपालकांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय: ‘मादी जाड झाली की अंगातलं हार्मोन कमी पडतं. एक इंजेक्शन द्या, पाच दिवसांत माजावर येईल आणि नक्की गाभण राहील.’ हे वाचून लोक खरंच टोचतात, म्हणून लिहितो.

‘हार्मोन कमी पडतं’ यात थोडं तथ्य आहे. पहिलारू मादीला फळवल्यावर लगेच भरमसाट खायला घातलं, तर यकृताचा रक्तपुरवठा वाढतो आणि गाभ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन भराभर मोडलं जातं. काही गर्भ त्यातच जिरतात. बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिल्यावर गर्भ जास्त टिकले, असं प्रयोगांत दिसलंही आहे. पण मूळ गव्हाणीत आहे. पहिले काही दिवस खुराक आवरला, तर हे नुकसान बरंचसं टळतं.

‘इंजेक्शनने माज येतोच’ हे मात्र चूक. 400 युनिट ईसीजी (गाभण घोडीचं हार्मोन) आणि 200 युनिट एचसीजी (गरोदर बाईचं हार्मोन) यांचं ते मिश्रण मुळात दोघींसाठी आहे: वयात येऊनही पहिला माज न दाखवलेली मादी आणि नुकतीच पिल्लं दुधावरून तोडलेली मादी. तुमची मादी 21 दिवसांच्या चक्रात असेल, फक्त तिचा माज मुका, म्हणजे बाहेरून न दिसता, गेला असेल, तर मध्येच टोचल्याने अंडाशयावर गाठी व्हायची भीती असते. मग खरा वांझपणा पदरात पडतो.

माज आला म्हणजे गाभ राहिला, असंही नाही. उन्हाळ्यात दोष नराचाही असू शकतो. उन्हाने तापलेल्या नराचं वीर्य सुधारायला पाच-सहा आठवडे जातात.

खाण्यातून देतात ते अल्ट्रेनोजेस्ट हे हार्मोनचं औषध माज एकाच वेळी आणण्यासाठी असतं, वजनासाठी नाही. ते कातडीतून शरीरात शिरतं. घरातल्या गरोदर बाईला त्याला हात लावू देऊ नका, हे तर आधी सांगायला हवं होतं.

मग करायचं काय? कमरेच्या हाडावर तळहात दाबा. जोर देऊनही हाड लागत नसेल, तर हॉटेलचा उरलेला भात आणि पोळ्या कमी करा, पण हळूहळू. गाभण मादीची उपासमार नको. जाड मादी व्यायलाही अडते, व्याल्यावर कमी खाते, म्हणून पुढचा माज लांबतो. दहा महिन्यांपुढचा नर रोज 10-15 मिनिटं तिच्या नाकासमोर आणा. पाठीवर दाब दिल्यावर ती खांबासारखी उभी राहिली की तारीख लिहा, आणि फळवल्यावर 18 ते 24 व्या दिवसांत पुन्हा नर दाखवा.