टेस्ट चालवता कशाला? हिरव्या ठेवा!

टेस्टचे बिल्ड नियम (कोड तपासणाऱ्या टेस्ट कशा तयार करायच्या आणि चालवायच्या याच्या सूचना) नीट लावत बसणाऱ्या माणसाला दुसरा उद्योग नाही असं सगळे समजतात, आणि ते अगदी बरोबर आहे. तुम्ही त्या फंदात पडू नका. मी सांगतो तसं करा.

नवं मॉड्यूल आलं की शेजारच्या मॉड्यूलचा नियम उचलून चिकटवा आणि नाव बदला. लिंक करायच्या लायब्ररींची यादी आहे तशीच राहू द्या. कुणी विचारलंच तर 'काढलं की मोडतं' म्हणायचं.

सीमेक या बिल्डच्या टूलमध्ये टेस्टच्या फाइल ग्लोबने, म्हणजे 'अशा नावाच्या असतील त्या सगळ्या' म्हणून, गोळा करा. नवी टेस्ट टाकली तरी पुन्हा कॉन्फिगर करेपर्यंत बिल्डला तिचा पत्ता नसतो. असं करू नका, हे सीमेकच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. पण ते वाचतंय कोण!

एकही टेस्ट सापडली नाही तर सीटेस्ट, म्हणजे सीमेकचं टेस्ट चालवणारं टूल, नुसता मेसेज छापतं, एरर कोड देत नाही. ही सोय बंद करण्याचा ऑप्शन आहे, त्याला हात लावू नका.

ग्रेडल या बिल्ड टूलमध्ये टेस्टपुरत्या लायब्ररींना 'टेस्टइम्प्लिमेंटेशन'ऐवजी सरळ 'इम्प्लिमेंटेशन' लिहा. मॉक (टेस्टपुरते बनावट भाग) ग्राहकालाही मिळाले पाहिजेत.

आता खरी युक्ती. मेक या बिल्ड टूलच्या सूचनांच्या फाइलमध्ये, म्हणजे मेकफाइलमध्ये, 'टेस्ट' नावाचा नियम ठेवा, त्याच्यापुढे तो कशावर अवलंबून आहे ते लिहू नका, आणि शेजारी 'टेस्ट' नावाचंच फोल्डर करा. '.फोनी' (हे फाइलचं नाव नाही, नियम दर वेळी चालव, असं मेकला सांगणारी ओळ) तर मुळीच नको. मेक 1976 सालचा म्हातारा, त्याचा हिशेब साधा: या नावाची फाइल आहे का? फोल्डर असलं तरी त्याला चालतं. आहे ना, मग करायचं काय उरलं? 'टेस्ट अप टू डेट आहे' म्हणतो, शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', परत करतो आणि गप्प बसतो. सीआय (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) हिरवं, म्हणजे पास!

आमच्याकडे कुणीतरी टेस्टच्या फाइल 'आवरून' नेमक्या अशाच फोल्डरात ठेवल्या. सीआय एकदम सेकंदांत उरकायला लागलं. एकाला तरी शंका यावी? छे. मीटिंगमध्ये बिल्ड फास्ट झाला म्हणून टाळ्या! मग ग्राहकाकडून तारखांचा बग आला. त्या बगची टेस्ट होती हो! मीच लिहिलेली. चालली असती तर लालभडक फेल झाली असती. पण ती चालवणार कोण, म्हातारा तर अप टू डेट! रात्रभर लॉग चाळत बसलो मी.

एक ओळ. '.फोनी: टेस्ट'. एवढं लिहायला हात झिजतात का? बरं, नाही सुचलं, तर किती टेस्ट चालल्या तो आकडा तरी बघायचा. रिव्ह्यूमध्ये मेकफाइल दिसली की न वाचता अप्रूव्ह दाबून पळता, आणि बग आला की टेस्ट लिहिणाऱ्याला धरता. बिल्ड फाइल हाही कोडच आहे, वाचत जा जरा! आणि त्या मीटिंगमध्ये ज्यांनी टाळ्या पिटल्या, त्यांनी 'हा बग टेस्टिंगमधून सुटला कसा' असले मेल मला पाठवू नयेत.