‘आजकालच्या मुलींना कळा सोसायच्या नसतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. काही गरोदर बायकांचं सीझर का करावं लागतं, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर द्यायचं टाळलं. रागात लिहिलेलं मागे घेता येत नाही, हे मला ठाऊक आहे. आपण मात्र तसा विचार केलेला दिसत नाही.

इतर वाचकांसाठी आपलं म्हणणं इथे देते: “ताई, हा लेख म्हणजे डॉक्टरांची वकिली आहे. आजकालच्या मुलींना कळा सोसायच्या नसतात, म्हणून सीझर वाढली. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं घरात झाली, सुईणीच्या हातून. ती शेवटच्या दिवसापर्यंत शेतात राबायची. खाजगीत निम्मी सीझर होतात, सगळा पैशाचा खेळ. मुहूर्त काढून पोट फाडतात त्यावर तुम्ही गप्प. माझ्या सुनेचा आठवा संपत आलाय, तिला सांगून ठेवलंय, आपल्या घरात नॉर्मलच होतं.”

आधी बोलण्याच्या पद्धतीबद्दल. जिने नोकरीची सगळी वर्षं मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या प्रसूती कक्षात सिस्टर म्हणून काढली, तिला तुम्ही परक्याची वकील ठरवता. का, तर वार (बाळाला पोसणारी प्लासेंटा) खाली असेल तर काय होतं, मूल आडवं असेल तर काय होतं, हे तिने लिहिलं म्हणून. लेखातलं एक वाक्य तरी तुम्ही खोडून दाखवलंत का? वार गर्भाशयाच्या तोंडावर बसलेली असताना बाई नॉर्मल बाळंत होऊ शकते, असं आपलं म्हणणं आहे का? मुद्दा न खोडता माणसावर संशय घ्यायचा, ही चर्चा नव्हे. माझ्याशी मतभेद ठेवायला कोणालाच बंदी नाही, पण माझ्या प्रामाणिकपणावर बोट ठेवण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

एक गोष्ट मान्य करते. सरकारी आणि खाजगी दवाखान्यांतला फरक मी लेखात शेवटी एका ओळीत लिहिला, आकडे दिले नाहीत. द्यायला हवे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २१.५ टक्के बाळंतपणांत सीझर झालं होतं. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खाजगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्राचा आकडा २५.४. खाजगीतलं “निम्मी” हे आपलं म्हणणं सत्याच्या जवळ आहे, आणि त्यात गरज नसताना केलेली सीझरही आहेत यात मला शंका नाही. मुहूर्ताच्या सीझरला माझा विरोध आहे, तो मी पूर्वीही लिहिलाय. बस, त्यावर आणखी काही नको.

आता ते वाक्य. मुलींना कळा सोसायच्या नसतात.

हे वाक्य मी प्रसूती कक्षाच्या दारात शेकडो बायकांच्या सासऱ्यांकडून, सासवांकडून, नवऱ्यांकडून ऐकलंय. आत ती बाई कालच्या संध्याकाळपासून कळा देतेय, ओठ कोरडे पडलेत, आवाज बसलाय, आणि बाहेर कोणीतरी म्हणतंय की हिला सोसत नाही. तुम्हाला वाटतं तशी पोट दुखू लागताच सीझर मागणारी बाई असते, नाही असं नाही. पण तीही बहुतेक वेळा कळांना घाबरलेली नसते. आत ओरडतील, मारतील, एकटं टाकतील, याला घाबरलेली असते, आणि ती भीती अगदीच खोटी आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. बाकीच्या बायकांच्या बाबतीत सीझरचा निर्णय त्यांच्या सोसण्यावर ठरतच नाही.

तो कशावर ठरतो ते पुन्हा सांगते. बाळाचं डोकं कटीतून, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांच्या चौकटीतून, उतरताना वळत वळत येतं. हनुवटी छातीला टेकलेली हवी, तोंड आईच्या पाठीकडे हवं. तोंड वर राहिलं किंवा मान ताठ राहिली, तर तेच डोकं त्याच कटीला मोठं पडतं. कळा कितीही जोराच्या असोत. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडतं, बाई जोर लावते, डोकं तिथल्या तिथे. तसंच चालू दिलं तर लघवीत रक्त येऊ लागतं, गर्भाशयाचा खालचा भाग ताणून पातळ होतो, पोटावर आडवी खाच डोळ्यांना दिसते, आणि त्यानंतर गर्भाशय फाटू शकतं. यातून जी बाई जगते तिच्या लघवीच्या पिशवीला कधीकधी भोक पडतं आणि ऑपरेशन करून ते शिवलं नाही तर लघवी आयुष्यभर गळत राहते. हे सोसण्याचं बक्षीस आहे का?

नाळ बाळाच्या आधी बाहेर आली तर आमच्यासारख्या सिस्टरने हात आत घालून बाळाचं डोकं वर ढकलून धरायचं असतं, ऑपरेशन टेबलापर्यंत, हात न काढता, म्हणजे नाळ दबणार नाही. स्ट्रेचर ढकलणारे ढकलतात, आपण तिच्याबरोबर वाकून चालत राहतो. मी ते केलंय. तिथे त्या मुलीला विचारायचं का, की तुला अजून थोड्या कळा सोसायच्या आहेत का?

माझं स्वतःचं सांगते, कारण विषय तुम्हीच तिथे नेलात. माझ्या पहिल्या वेळी रात्रभर कळा झाल्या. मी नर्स, मला सगळं कळत होतं, तरी दात आवळून जोर लावत होते. मुलीचं तोंड वरच्या बाजूला होतं, डोकं वळलंच नाही, आणि तिचे ठोके शंभराच्या खाली जाऊन वर यायला वेळ लावू लागले. पहाटे सीझर झालं. बारशाला आलेल्या नात्यातल्या एका बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “नर्स असून हिला सोसलं नाही.” माझी मुलगी मांडीवर होती, टाके ओले होते, खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायला लागत होतं. तुमचं वाक्य वाचून मला त्या बाई आठवल्या. सीझर म्हणजे सोपी वाट, असं जो म्हणतो त्याने पोटाचे थर आणि गर्भाशय उघडून शिवलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठून चालताना एकदा पाहावं.

आता आजीचं. तुमच्या आजींबद्दल मला आदरच आहे. नऊ बाळंतपणं झाली असं तुम्ही लिहिलंत. किती मुलं मोठी झाली, ते लिहिलं नाहीत. १९७१ साली या देशात हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती, आणि तुमच्या आजींचा काळ त्याच्याही आधीचा असणार. आमच्याही घरात आजीच्या घरच्या बाळंतपणांचं कौतुक चालायचं. माझ्या थोरल्या आत्याचं नाव मात्र कोणी काढायचं नाही. तिचं मूल आडवं होतं, आधी हात बाहेर आला. सुईण चांगली होती, गावात तिला मान होता, पण आडव्या मुलाला ती काय करणार? बैलगाडीतून तालुक्याला नेताना वाटेतच आत्या गेली. ज्या बायका वाचल्या त्यांच्या गोष्टी नातवंडांना ऐकायला मिळतात, गेलेल्यांच्या मिळत नाहीत. तुमच्या आजीच्या जावा, नणंदा, शेजारणी यांतल्या किती बाळंतपणात गेल्या, हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा.

आणि २००१-०३ मध्येसुद्धा देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता मरत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. हे एकट्या सीझरने झालं असं मी म्हणत नाही. रक्तपिशवी मिळू लागली, बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे औषध आलं, १०८ ची गाडी आली, बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या, आशाताईंनी दारोदार फिरून ते घडवलं. पण आत्यासारख्या बाईला या सगळ्याच्या जोडीला शेवटी सीझरच लागतं.

शेतात राबल्याने बाळंतपण सुखरूप होतं, या समजुतीबद्दलही दोन शब्द. बीडकडच्या ऊसतोडीच्या बाया नवव्या महिन्यातही मोळ्या उचलतात. राबण्यात त्या कुठे कमी पडतात? त्यांच्यातल्या कितीतरी आमच्याकडे अडलेल्या अवस्थेत यायच्या. लहानपणी पोटभर खायला मिळालं नाही, सोळा-सतराव्या वर्षी लग्न झालं, तर कटी लहानच राहते. कष्टाने हाडं रुंद होत नाहीत.

तुमच्या प्रतिक्रियेतली दोन वाक्यं एकमेकांना मारतात, हे तरी तुमच्या लक्षात यायला हवं होतं. खाजगीत सीझर जास्त होतात ते पैशासाठी, असंही तुम्ही म्हणता आणि मुलींना सोसत नाही म्हणून होतात, असंही. त्याच सर्वेक्षणात बिहारमध्ये सीझरचं प्रमाण ९.७ टक्के आहे आणि तेलंगणात ६०.७. तेलंगणातल्या मुली बिहारच्या मुलींपेक्षा सहापट नाजूक आहेत का? फरक दवाखान्यांत आहे, सोयींत आहे, डॉक्टरांच्या सवयींत आहे, भीतीत आहे. रात्री भूलतज्ज्ञ मिळणार नाही म्हणून दुपारीच उरकलेलं सीझर मी पाहिलंय. पहिलं सीझर झालेल्या बाईला दुसऱ्या वेळी नॉर्मलची संधी देता येते, जिथे ती नीट निवडून दिली जाते तिथे दहापैकी सहा-सात जणींना जमतंही, पण दोनशेत एखादीचा जुना टाका कळांत उसवू शकतो. त्यासाठी चोवीस तास ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त तयार लागतं. तालुक्याच्या ठिकाणी ते नसतं, म्हणून दुसरंही सीझरच होतं. यात त्या मुलीचा दोष कुठे येतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की लोकसंख्येचा विचार करता सीझर दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर माता-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. त्याच निवेदनात असंही आहे की ठरावीक टक्केवारी गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येक बाईला सीझर मिळेल हे बघा. लोक पहिलं वाक्य पाठ करतात आणि दुसरं सोडून देतात.

डॉक्टरांना जाब विचारायचा असेल तर जरूर विचारा, मी तुमच्या बाजूला उभी राहीन. पण ते धैर्य डॉक्टरसमोर दाखवा. पोटुशी सुनेसमोर दाखवू नका.

तिच्याबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंत, आणि खरं सांगायचं तर त्या एका ओळीसाठीच मी एवढं लिहायला बसले. “आपल्या घरात नॉर्मलच होतं” हे तुम्ही तिला सांगून ठेवलंय. उद्या रात्री दोन वाजता डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की बाळाचे ठोके पडतायत, सीझर करावं लागेल, तर तुम्ही काय म्हणणार? “अजून तासभर थांबा”? असा तासभर मागणारे सासरे मी पाहिलेत. त्यातली काही बाळं आजही मान धरू शकत नाहीत.

तुम्हाला खरोखर नॉर्मल हवं असेल तर करण्यासारखं पुष्कळ आहे. वार कुठे आहे ते शेवटच्या सोनोग्राफीत बघून घ्या. बाळ पायाळू असेल तर छत्तीस-सदतीसाव्या आठवड्यात बाहेरून हाताने फिरवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सगळीकडे करत नाहीत, पण विचारा. नाळ गळ्याभोवती आहे एवढ्याच कारणावर सीझर सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तशी नाळ चारांतल्या एखाद्या बाळाला असतेच आणि बहुतेक सुखरूप बाहेर येतात. कळा सुरू व्हायच्या आधीच भरती करून सलाईनमधून कळा आणायच्या म्हणाले तर कारण विचारा. बीपी वाढलंय, बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, तारीख उलटून गेलीय, ही कारणं आहेत. डॉक्टर गावाला चाललेत, हे कारण नाही. भरती झाल्यावर पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत “प्रगती नाही” म्हणून घाई होत असेल तर तेही विचारा, कारण जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून तिथून पुढची अवस्था खरी कळांची धरते आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा आग्रह आता धरत नाही. आणि तिची आई, बहीण, तिला हवी ती बाई आत तिच्याजवळ राहू द्या म्हणून भांडा. सोबत असली की सीझर कमी होतात, याचे चांगले अभ्यास झालेत. तिला चालू द्या, बसू द्या, पाणी पिऊ द्या.

रात्री भूल द्यायला कोण येतं, रक्त कुठून आणायचं आणि किती वेळ लागतो, हे आत्ताच जाऊन विचारून या. तिचा रक्तगट फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि तो गट असलेली दोन माणसं त्या आठवड्यात गावातच राहतील असं बघा. सीझर लागलंच तर संमतीची सही तिची स्वतःची पुरते. सज्ञान रुग्ण शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच लागते, आईचीसुद्धा चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात स्पष्ट केलंय. तेव्हा पेन तिच्या हातात द्या आणि तुम्ही रक्तपेढीकडे निघा.