तीस आकडे मोजणं

वॉर्म-अप हा प्रकार मला माहीत नव्हता असं नाही, पण तो खेळाडू वगैरे लोकांसाठी असतो अशी माझी समजूत होती. आपण काय, बूट घातले की सुटलो. लेस बांधायला वाकतो तेवढा वॉर्म-अप बस झाला, आणि खरं सांगायचं तर लेस बांधून उभं राहीपर्यंत मला धाप लागलेलीच असायची.

मग एक दिवस दोनशे मीटर गेलो नाही तोच मागून कुणीतरी पोटरीवर दगड मारला. मी लंगडत गर्रकन वळलो, चांगली शिवी तोंडाशी आली होती, तर मागे कुणीच नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हसू दाबत सांगितलं की पोटरीचा स्नायू फाटला की बऱ्याच जणांना असंच वाटतं, मागून फटका बसल्यासारखं. म्हणजे शिवी द्यायची तर स्वतःलाच द्यायला हवी होती.

बाईंनी नियम घालून दिले. आधी ५ ते १० मिनिटं हळूहळू अंग तापवायचं, म्हणजे स्नायूंकडे रक्त जास्त जातं, ते गरम होतात, सांध्यांमधलं वंगणही जरा पातळ होतं. आणि सुरुवातीलाच एका जागी उभं राहून पाय ताणत बसायचं नाही, मिनिटभराच्या वर ताणून धरला तर स्नायूची ताकद उलट थोडा वेळ कमी होते. ते ताणणं शेवटी. आधी फक्त हलते प्रकार, पाय झुलवा, गुडघे वर घ्या, हात फिरवा.

आता मी हे सगळं करतो. पाय झुलवताना एका हाताने झाड धरावं लागतं आणि खांदे फिरवले की आतून जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज येतो, डावा वेगळा, उजवा वेगळा. पंधरा मिनिटांनी घाम फुटतो आणि मला मनापासून वाटतं की झालं की आता, घरी जाऊ. एकदा तर खरंच वॉर्म-अप केला, स्ट्रेचिंग केलं आणि आलो, मधला व्यायाम तेवढा राहून गेला.

पण खरा छळ शेवटचा. पायाचे अंगठे पकडायचे. माझी बोटं आणि माझे अंगठे यांची ओळख आहे पण येणं-जाणं नाही, मध्ये चांगली वीतभर जागा असते. मांडीच्या मागे तीन स्नायू असतात म्हणे, आणि माझे तिघेही एकजुटीने नाही म्हणतात. झटके देऊन खाली जायचं तर तेही चालत नाही, झटका बसला की स्नायू घाबरून आणखीनच आखडतो, त्यामुळे गुपचूप लोंबकळत राहायचं आणि तीस आकडे मोजायचे. मी बारापर्यंत अगदी प्रामाणिक असतो. त्यानंतर आकडे जो वेग घेतात तो मी धावताना कधी घेतलेला नाही. लेक स्टॉपवॉच घेऊन उभी असते. "बाबा, तुमचे तीस झाले ना, माझे चौदाच झालेत."

आणि एवढं करून अंग आंबायचं ते आंबतंच! मग जरा वाचलं तर कळलं की व्यायामानंतरच्या स्ट्रेचिंगने हे दुखणं कमी होतं ते इतकं किरकोळ की जाणवूही नये. आपण सगळे ज्याच्या नावाने खडे फोडतो ते लॅक्टिक ॲसिड तर बिचारं तास-दीड तासात निघून गेलेलं असतं, दुखणं जोर धरतं २४ ते ७२ तासांत, आणि त्याच्या मुळाशी असते स्नायूंच्या तंतूंना झालेली बारीक इजा. ही इजा ताण सोसत सोसत स्नायू लांबतो तेव्हा जास्त होते, जसं उतार किंवा जिना उतरताना. मी बाईंना जाब विचारला की मग करायचं कशाला? तर म्हणाल्या, शेवटी हळूहळू चाला म्हणजे रक्त पायात साचून चक्कर येणार नाही, आणि ताणत राहाल तर काही आठवड्यांत अंग जरा मोकळं होईल. झालंही, वीतभर होतं ते आता चार बोटांवर आलंय, पण ते कुणाला सांगायला जावं तर लोक म्हणतात बरं.

परवाच मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की जिना सरळ उतरवेना, म्हणून कठडा धरून पाठमोरा उतरत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी कौतुकाने विचारलं, "हा कुठला नवीन प्रकार?" खरं सांगायला लाज वाटली. "कूल-डाउन," म्हणालो.

कालपासून काकाही उलटेच उतरतायत, आणि ते व्यायाम करत नाहीत.