‘अप्तेका’ आला, पण ‘दारू’ गेली नाही

‘अप्तेका’ म्हणजे रशियनमध्ये औषधाचं दुकान; या शब्दाच्या प्रवासावरचा लेख वाचला. ग्रीक ‘अपोथेके’ म्हणजे कोठार. तो लॅटिन आणि पोलिशमधून रशियनमध्ये ‘अप्तेका’ होऊन कसा पोचला, हे लेखात छान आलंय. पण त्यापुढचं ‘रशियनमार्फत तो तुर्की कुळातल्या भाषांत शिरला आणि जुने शब्द संपले’ हे विधान मला अजिबात पटलं नाही. अझरबैजानीत ‘अप्तेक’ रुळलाय, हे खरं. पण उझबेकमध्ये औषधाच्या दुकानाला ‘दोरिखोना’ म्हणतात, कझाकमध्ये ‘दारीखाना’, किर्गिझमध्ये ‘दारिकाना’. तिघांचं मूळ फारसी ‘दारू’, म्हणजे औषध. आपण आजही ‘दवादारू केली’ म्हणतो तीच ही दारू!

माझी मुलगी किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला डॉक्टरकी शिकते. पहिल्या थंडीत ती तापाने आजारी पडली, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिने मला दुकानाची पाटी दाखवली होती. एका बाजूला ‘अप्तेका’, दुसऱ्या बाजूला ‘दारिकाना’. तिने तो शब्द वाचून दाखवला आणि काळजीतही मला एकदम घरचं वाटलं. गंमत म्हणजे कझाकमध्ये ‘ओक-दारी’ म्हणजे दारूगोळा. ‘ओक’ म्हणजे गोळी किंवा बाण. औषध आणि तोफेची दारू, दोन्ही अर्थ तिथेही एकाच शब्दात नांदतात, अगदी मराठीसारखे. आणि तुर्कस्तानच्या तुर्कीत तर अप्तेका नाहीच, तिथे ‘एज्झाने’: अरबी ‘एज्झा’ला आपल्या दवाखान्यातला ‘खाना’ जोडलेला. लेखात एवढी दुरुस्ती जरूर करावी.